अनुभवी चित्रपटकर्मींना व्हर्च्युअल प्रॉडक्शन शिकवताना सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिग्दर्शन, छायालेखन, कलादिग्दर्शन, संकलन आणि ध्वनी या विभागांतील १४ जणांना आपल्याला व्हर्च्युअल प्रॉडक्शनचे, म्हणजे एलईडी दिव्यांच्या भिंतीवर (एलईडी वॉलवर) संगणकीय पार्श्वभूमी दाखवून तिच्यासमोर चित्रण करण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण द्यायचे आहे. त्यांतील बहुतेकांनी १० वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष सेटवर काम केलेले आहे. हाताशी ६ आठवडे आहेत आणि एलईडी वॉल त्यांपैकी फक्त ४ दिवस मिळणार आहे. पहिले ४ आठवडे सर्वांना अनरिअल इंजिन (पार्श्वभूमीची त्रिमितीय दृश्ये बांधून ती त्याच क्षणी दाखवणारे सॉफ्टवेअर) शिकवावे, त्यानंतर चित्रणाची तयारी करावी आणि शेवटच्या आठवड्यात वॉलवर जावे, असा आराखडा आपण केला आहे आणि तो योग्य आहे का, असे विचारले आहे. माझ्या मते हा क्रम बदलायला हवा. तो का बदलायला हवा, हे मी माझ्या कामातल्या अनुभवाच्या आधाराने सविस्तर लिहितो.

प्रश्न सॉफ्टवेअरविषयी आहे असे वाटते, पण अडचण दुसरीकडे आहे. अनुभवी माणसाला नवे साधन शिकायला फार वेळ लागत नाही. त्याला जड जाते ते निर्णय घेण्याची अंगवळणी पडलेली वेळ बदलणे. हिरव्या पडद्यासमोर चित्रण करताना पार्श्वभूमीचे बहुतेक निर्णय चित्रणानंतर, पोस्टमध्ये घेतले जातात. खिडकीबाहेर काय दिसेल, चंद्र किती वर असेल, धुके किती दाट असेल, हे सारे तोपर्यंत मोकळे ठेवता येते. एलईडी वॉलवर हीच पार्श्वभूमी अभिनेत्यासोबत त्याच क्षणी कॅमेऱ्यात टिपली जाते. त्यामुळे जे निर्णय पूर्वी शेवटी होत, ते चित्रणाच्या कित्येक आठवडे आधी पक्के करावे लागतात, आणि तेही एकट्याने नव्हे, तर छायालेखक, कलादिग्दर्शक आणि आभासी दृश्य बांधणारे कलाकार या सर्वांनी एका टेबलाभोवती बसून. प्रशिक्षणाचा गाभा मी हाच मानतो.

हे मला एका चुकीतून कळले. मी घेतलेल्या पहिल्या मोठ्या प्रशिक्षणात आपल्यासारखाच आराखडा होता. तीन आठवडे सर्वांनी मन लावून इंजिन शिकले आणि प्रत्येकाने एक सुंदर दृश्य बांधले. वॉलच्या पहिल्या दिवशी एका दिग्दर्शकाने पहिलाच शॉट पाहून सांगितले, "चंद्र खिडकीच्या डाव्या बाजूला घ्या." मागणी अगदी रास्त होती, आणि प्रत्यक्ष सेटवर दिवा हलवायला लागतो तेवढाच वेळ इथेही लागेल, असे त्यांना वाटले. पण त्या दृश्यातला प्रकाश आधीच गणना करून पृष्ठभागांवर पक्का बसवलेला होता. चंद्र हलवला तरी फरशीवरच्या सावल्या जागच्या जागी राहिल्या. नव्याने गणना होईपर्यंत संपूर्ण युनिट पाऊण तास बसून राहिले. सॉफ्टवेअर त्या दिग्दर्शकांना चांगले येत होते. कोणती गोष्ट सेटवर बदलता येते, कोणती येत नाही आणि बदलण्याजोग्या गोष्टींची यादी कधी द्यायची असते, हे मात्र मी त्यांना शिकवलेच नव्हते.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करायला हवे. हे १४ जण एकत्र काम करणारा चमू म्हणून येत असतील, तर खाली सुचवलेला क्रम जसाच्या तसा चालेल. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेकटे येत असतील, तर पहिले दोन दिवस त्यांचा चमू बांधण्यातच द्यावे लागतील. वॉलसोबत तिची तांत्रिक माणसे, म्हणजे ट्रॅकिंग (कॅमेऱ्याची जागा आणि दिशा सतत टिपणे) पाहणारा, रेंडर (वॉलवरचे चित्र तयार करणारे) संगणक सांभाळणारा आणि एलईडी अभियंता मिळणार असतील, तर तो भार आपल्या प्रशिक्षणार्थींवर टाकू नये. आणि पुढे त्यांना कोणत्या प्रकारचे काम करायचे आहे, यानेही बराच फरक पडतो. गाडीतले संवाद चित्रित करणाऱ्याला आणि संपूर्ण काल्पनिक नगरी उभी करणाऱ्याला लागणारी तयारी सारखी नसते.

पहिला आठवडा संगणकाशिवाय घालवावा, असा माझा आग्रह आहे. सर्वांना पाच-सहा पानांची एकच संहिता द्यावी आणि तिच्यातील प्रत्येक दृश्यासाठी एकच प्रश्न विचारावा: हे दृश्य वॉलवर का चित्रित करायचे? 'करता येते म्हणून' हे उत्तर स्वीकारू नये. या प्रश्नावर झालेली भांडणे हा सबंध प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग असतो, कारण वॉलच्या मर्यादा लोकांना तेव्हाच मनापासून समजतात.

उदाहरणार्थ, भर दुपारच्या उन्हातले दृश्य घ्या. मी फळ्यावर हिशेब मांडतो. वॉलचे कमाल तेज १५०० निट्स (पृष्ठभागाच्या तेजाचे एकक) आहे असे धरू. अभिनेत्याच्या समोरचे सबंध अर्धगोल अशा पॅनेलनी झाकले आणि सगळे पॅनेल पूर्ण पांढरे ठेवले, तरी त्याच्या चेहऱ्यावर पडणारा प्रकाश १५०० गुणिले पाय (π), म्हणजे सुमारे ४७०० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) होतो. स्वच्छ आकाशातल्या मध्यान्हीच्या थेट उन्हाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. कॅमेऱ्याचे एक्सपोजर बदलून तीव्रतेची ही दरी भरून काढता येईल, असे कोणीतरी लगेच म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून त्याची सावली धारदार पडते. वॉल हा मुळात विस्तीर्ण आणि मऊ प्रकाशाचा स्रोत आहे. तिच्यावर सूर्य कितीही तेजस्वी रंगवला तरी नाकाची सावली गालावर तशी कोरीव पडणार नाही. त्यासाठी वेगळा, कडक आणि दूर ठेवलेला दिवा लागेल आणि त्या दिव्याचा प्रकाश वॉलवर सांडणार नाही याची काळजी घ्यावी लागेल. एवढे समजले की ढगाळ दिवस, संध्याकाळ, रात्र, गाडीच्या काचा, चकचकीत धातू आणि डोळ्यांतली प्रतिबिंबे ही वॉलची खरी बलस्थाने आहेत, हे लोक आपणहून सांगू लागतात.

या तंत्राचे जे सर्वज्ञात उदाहरण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असते, त्या २०१९ च्या 'द मँडलोरियन' या मालिकेसाठी सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाची जागा वेढणारी वॉल उभारली होती. तिथेही पहिल्या पर्वातले निम्म्याहून अधिक चित्रण या पद्धतीने झाले, सगळे नव्हे. बाकीच्या दृश्यांसाठी इतर मार्ग वापरले गेले, ही बाब मी पहिल्याच दिवशी सांगतो, कारण सर्व काही वॉलवरच करायचे असते, या समजुतीने बरेच जण आलेले असतात.

दुसऱ्या आठवड्यात साधने हाती द्यावीत, पण साधी. एक मोठा टीव्ही, इंजिन चालवू शकणारा एक चांगला संगणक, कॅमेऱ्याची जागा आणि दिशा सांगणारा एखादा स्वस्त ट्रॅकर आणि एक कॅमेरा एवढ्यावर वॉलची तीन-चतुर्थांश तत्त्वे शिकवता येतात. टीव्हीपुढे एक खुर्ची ठेवावी, टीव्हीवर लांबवर गेलेली वाट दाखवावी आणि कॅमेरा हळूहळू बाजूला सरकवावा. ट्रॅकिंग बंद असताना वाट भिंतीवरच्या चित्रासारखी सपाट दिसते; ट्रॅकिंग सुरू करताच जवळची झाडे जलद आणि दूरचे डोंगर संथ सरकू लागतात आणि खुर्ची त्या वाटेच्या तोंडाशी ठेवल्यासारखी वाटते. पॅरलॅक्स हा शब्द सांगण्याआधी हा अनुभव द्यावा. त्याच वेळी कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्यांना ते चित्र वेडेवाकडे दिसते, हेही प्रत्येकाला पाहू द्यावे. त्यातून दोन गोष्टी कळतात: वॉलवरचे चित्र एकाच कॅमेऱ्याच्या दृष्टीने खरे असते, आणि त्यावर काय म्हणायचे ते मॉनिटर पाहूनच म्हणायचे, नुसत्या डोळ्यांनी वॉल पाहून नव्हे. दोन कॅमेरे लावण्याची सवय असलेल्या दिग्दर्शकांना यातली पहिली गोष्ट पचायला वेळ लागतो. दोन्ही कॅमेऱ्यांची दृश्यक्षेत्रे वॉलवर एकमेकांवर येणार नाहीत अशी योजना केली, तर दोन कॅमेरे चालतात; एरवी विशेष यंत्रणा लागते.

याच मांडणीवर विलंब मोजायला लावावा. कॅमेरा हलल्यापासून पडद्यावर नवे चित्र उमटेपर्यंत ट्रॅकिंग, रेंडर आणि एलईडी प्रोसेसर (चित्र वॉलच्या पॅनेलपर्यंत पोहोचवणारे यंत्र) असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा थोडा वेळ घेतो. मी काम केलेल्या एका व्हॉल्यूममध्ये (एलईडी वॉलने वेढलेल्या चित्रणाच्या जागेत) हा विलंब ६ फ्रेम होता. सेकंदाला २४ फ्रेम या गतीने ६ फ्रेम म्हणजे पाव सेकंद. आता कॅमेरा सेकंदाला ३० अंश या वेगाने पॅन होत (जागच्या जागी आडवा फिरत) असेल, तर कॅमेऱ्यासाठी वॉलवर उमटणारा तपशीलवार भाग ७.५ अंश मागे राहतो. सुपर ३५ या प्रचलित आकाराच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्सचे आडवे दृश्यक्षेत्र साधारण २८ अंश असते. म्हणजे चौकटीचा पाव भागाहून अधिक हिस्सा त्या भागाबाहेर पडतो. कॅमेऱ्याच्या चौकटीपुरता जो तपशीलवार भाग वॉलवर रेंडर होतो त्याला फ्रस्टम म्हणतात. तो चौकटीपेक्षा मोठा ठेवला की त्याची कड शॉटमध्ये येत नाही, पण मोठ्या फ्रस्टमसाठी संगणकाला जास्त काम करावे लागते आणि विलंब तेवढाच राहतो. हा हिशेब एकदा स्वतः केला की झपाट्याचा पॅन मागण्यापूर्वी छायालेखक आपोआप विचार करतो. त्याला कोणी नियम पाठ करायला लावावा लागत नाही.

जेनलॉक, म्हणजे सर्व यंत्रांचा ताल एकाच घड्याळाशी जुळवणे, हा विषयही इथेच उरकावा, आणि तो सांगताना जुन्या पद्धतीचा आधार घ्यावा. १९३० च्या दशकात पाठीमागून पडद्यावर चित्र टाकून गाडीतली दृश्ये चित्रित होत, तेव्हा प्रोजेक्टरचे आणि कॅमेऱ्याचे शटर एका तालात उघडावे यासाठी दोन्हींच्या मोटारी जुळवाव्या लागत. आज कॅमेरा, रेंडर संगणक आणि एलईडी प्रोसेसर यांना एकाच घड्याळावर बांधायचे ते त्याच कारणासाठी. ताल चुकला तर चित्रात आडव्या पट्ट्या दिसतात किंवा अर्धी चौकट जुनी आणि अर्धी नवी अशी फाटते. ज्यांनी आयुष्यभर कॅमेऱ्यावर काम केले आहे, त्यांना हा धागा दाखवला की तंत्र परके वाटत नाही.

आता विभागांकडे वळतो. छायालेखकांसाठी आणि गॅफरसाठी (प्रकाशयोजनेच्या प्रमुख तंत्रज्ञासाठी) दोन गोष्टींवर भर द्यावा. पहिली गोष्ट रंगाची. एलईडी वॉल लाल, हिरव्या आणि निळ्या या तीन अरुंद पट्ट्यांतूनच सर्व रंग बनवते. हिरव्या आणि लाल यांच्या मधल्या पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात तिच्याकडून फारच कमी प्रकाश मिळतो, आणि त्वचेचा रंग खुलण्यासाठी नेमका तोच पट्टा महत्त्वाचा असतो. म्हणून नुसत्या वॉलच्या प्रकाशात चेहरा गुलाबी किंवा निर्जीव दिसू शकतो, कपड्यांचे काही रंगही विचित्र वळतात, आणि डोळ्यांना पांढरा वाटणारा प्रकाश कॅमेऱ्याला तसा वाटेलच असे नाही. वॉलकडून पार्श्वभूमी, प्रतिबिंब आणि भोवतालचा उजेड घ्यावा. चेहऱ्यावरचा मुख्य प्रकाश पूर्ण वर्णपट देणाऱ्या दिव्याने द्यावा. हे सांगून पटत नाही. एकाच अभिनेत्याचा चेहरा आधी फक्त वॉलच्या प्रकाशात आणि मग चांगल्या दिव्याच्या प्रकाशात चित्रित करून दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्या, की पुढे काही बोलावे लागत नाही.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. वॉलवर बाहेरचा प्रकाश पडला की तिच्यावरचा अंधार राखाडी होतो, आणि रात्रीच्या दृश्यात याने सगळा भ्रम मोडतो. त्यामुळे दिवा कोठे लावायचा यापेक्षा तो कोठे पडू द्यायचा नाही, यावर इथे अधिक वेळ जातो.

मॉयरेविषयी लोक फार घाबरलेले असतात. वॉलवरील दिव्यांची जाळी आणि सेन्सरवरील बिंदूंची जाळी एकमेकींशी भिडल्या की लहरींसारखे पट्टे दिसतात. वॉल फोकसबाहेर ठेवली तर ते बहुतेक नाहीसे होतात. पिक्सेल पिच, म्हणजे वॉलवरच्या दोन शेजारच्या दिव्यांमधले अंतर, जितके मिलिमीटर, तितके मीटर तरी कॅमेरा वॉलपासून दूर असावा, हा ठोकताळा सुरुवातीला उपयोगी पडतो, पण लेन्स, तिचे छिद्र (अ‍ॅपर्चर) आणि सेन्सरचा आकार यांनुसार तो बदलतो, म्हणून आपल्या कॅमेऱ्यावर चाचणी घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. फोकस पुलरला (चित्रणावेळी लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याला) मात्र एक गोष्ट स्वतंत्रपणे शिकवावी. वॉलवर दिसणारा डोंगर कथेत दोन किलोमीटरवर असला, तरी लेन्सच्या दृष्टीने तो सहा-सात मीटरवरची भिंत आहे. अभिनेत्याकडून डोंगराकडे फोकस नेण्याचा शॉट कोणी मागितला, तर फोकस भिंतीवर येईल आणि डोंगराऐवजी दिव्यांचे ठिपके दिसतील. असा शॉट तयारीच्या टप्प्यावरच ओळखून वेगळ्या पद्धतीने घ्यायला हवा.

कलादिग्दर्शकांविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण बहुतेक प्रशिक्षणांत त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते आणि चित्र फसते तेही बहुधा त्यांच्याच हद्दीत. प्रत्यक्ष सेट आणि वॉलवरचा आभासी सेट जिथे एकमेकांना भेटतात, ती सांधरेषा हा या तंत्रातला सर्वांत नाजूक भाग आहे. समोरची जमीन खरी माती आहे आणि पुढे तीच माती वॉलवर सुरू होते. दोन्हींचा रंग, पोत, ओलावा आणि उजेड कॅमेऱ्यात एकसारखे दिसले पाहिजेत. डोळ्यांना जुळलेली माती कॅमेऱ्यात जुळेलच असे नाही, कारण एका मातीवर प्रकाश पडून तो परततो आणि दुसरी माती स्वतःच प्रकाश फेकते. मी नेहमी असा सराव देतो: कलाविभागाने दोन मीटर लांबीचा जमिनीचा तुकडा खऱ्या साहित्याने बनवावा, त्याची छायाचित्रे आणि नमुने आभासी दृश्य बांधणाऱ्यांना द्यावेत आणि दोघांनी मिळून तो तुकडा पडद्यापलीकडे पुढे न्यावा. पहिल्या प्रयत्नात सांधा स्पष्ट दिसतो. मग कोणीतरी सांध्यावर दगड ठेवतो, गवताचा झुपका लावतो, जमिनीला थोडा उंचवटा देतो, आणि दुसरीकडे पडद्यावरच्या मातीचा रंग एक-दोन छटा बदलला जातो. या दोन-तीन तासांत कलादिग्दर्शक आणि संगणक कलाकार एकमेकांची भाषा शिकतात. ती कोणत्याही व्याख्यानाने शिकवता येत नाही.

याच्या जोडीला कलादिग्दर्शकाला हेही पटले पाहिजे की आभासी सेट त्याचाच आहे. मी अनेकदा पाहिले आहे की लाकडाचा सेट कलादिग्दर्शक ठरवतो आणि वॉलवरचे दृश्य दुसरेच कोणीतरी बांधून आणते. परिणामी दोन वेगळ्या चित्रपटांचे तुकडे शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. आभासी कलाविभाग हा कलादिग्दर्शकाच्या हाताखालचाच विभाग असावा आणि प्रशिक्षणातही त्याची बैठक कलाविभागाच्या टेबलावरच असावी.

ध्वनिमुद्रकांना आपण बोलावले आहे याचा मला आनंद वाटला. एलईडी पॅनेल कठीण असतात आणि वळणदार वॉल आवाज एका ठिकाणी गोळा करून परत फेकते. त्यामुळे मोकळ्या मैदानातला संवाद मोठ्या भांड्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यातच काही यंत्रांच्या पंख्यांची घरघर असते. शोषक पडदे कोठे टांगता येतील, हे चौकटी ठरतानाच ठरवावे लागते, म्हणून ध्वनिमुद्रक शॉट-आखणीच्या बैठकीत हवेत.

संकलकांनाही पहिल्या आठवड्यापासूनच सोबत ठेवावे. प्रीव्हिज म्हणजे चित्रणापूर्वीची कच्ची संगणकीय दृश्यमाला. ती संकलकाने आधीच जोडून पाहिली, तर कोणते शॉट खरोखर लागणार आहेत हे कळते आणि तेवढ्याच कोनांसाठी आभासी दृश्य तपशीलवार बांधता येते. जे कधी दिसणारच नाही ते बांधण्यात गेलेला वेळ हा या पद्धतीतला सर्वांत मोठा अपव्यय असल्याचे माझे निरीक्षण आहे.

आता इंजिन किती शिकवावे या आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. दिग्दर्शक, छायालेखक, कलादिग्दर्शक, संकलक आणि ध्वनिमुद्रक या सर्वांना मिळून तीन-चार दिवस पुरतात. त्या दिवसांत त्यांनी तयार दृश्यात फिरावे, आभासी कॅमेरा लावून चौकटी निवडाव्यात, लेन्स बदलावी, सूर्य हलवून पाहावा आणि एका दृश्याच्या दोन-तीन वेगळ्या स्थिती जतन कराव्यात. शक्य असेल तर डोक्यावरचा व्हीआर संच घालून दिग्दर्शक आणि कलादिग्दर्शकाने त्या जागेत एकत्र 'स्थळपाहणी' करावी. मॉनिटरवर प्रशस्त वाटलेली खोली आत उभे राहिल्यावर अरुंद निघते, हे तेव्हाच कळते.

त्यांना एक तांत्रिक आकडा मात्र पक्का माहीत असावा. सेकंदाला २४ फ्रेम या गतीने प्रत्येक फ्रेम रेंडर करायला संगणकाकडे सुमारे ४१.७ मिलिसेकंद असतात. त्यापेक्षा जास्त वेळ लागला की चित्र अडखळते आणि शॉट वाया जातो. पाने हलणारे घनदाट जंगल, पारदर्शक धूर, शेकडो हलणारे दिवे यांतील प्रत्येक गोष्ट या ४१.७ मिलिसेकंदांतून आपला वाटा घेते. दिग्दर्शक सेटवर 'थोडे धुके वाढवा' म्हणतो तेव्हा तो या वेळेतूनच काहीतरी मागत असतो. त्याला हे ठाऊक असेल, तर त्याचा प्रश्न बदलतो: "धुके वाढवायचे असेल तर दुसरे काय कमी करता येईल?" असा प्रश्न विचारणाऱ्या दिग्दर्शकासोबत तांत्रिक चमू मनापासून काम करतो.

ज्यांना पुढे आभासी दृश्ये प्रत्यक्ष बांधायची आहेत, त्यांचे प्रशिक्षण संपूर्णपणे वेगळे असते आणि ते ६ आठवड्यांत होत नाही. ते दोन्ही एकत्र करू नयेत. आपल्या १४ जणांसाठी दृश्ये बांधणारे दोन-तीन अनुभवी कलाकार बाहेरून घ्यावेत आणि त्यांना पहिल्या दिवसापासून वर्गात बसवावे. प्रशिक्षणार्थींनी सूचना द्यायच्या, कलाकारांनी त्या अमलात आणायच्या आणि अस्पष्ट सूचनेमुळे काम वाया गेले तर ते उघडपणे सांगायचे.

वॉलचे ४ दिवस सलग शेवटी ठेवू नयेत. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी १ दिवस घ्यावा आणि उरलेले ३ दिवस सहाव्या आठवड्यात. पहिल्या दिवशी चित्रपट बनवायचा नसतो. फक्त चाचण्या घ्यायच्या. त्वचेचा रंग, मॉयरेचे अंतर, काळ्या रंगाची पातळी, सांधरेषा, पॅनचा वेग आणि आवाजाचा घुमारा यांचे निकाल एका वहीत नोंदवावेत. मधल्या दोन आठवड्यांत त्या निकालांनुसार शॉट-यादी दुरुस्त करावी. हा दुरुस्तीचा काळच खरा अभ्यास आहे. वॉलचा पहिला अनुभव शेवटच्या आठवड्यात आला तर चुका दिसतात, पण सुधारायला वेळ उरत नाही.

सहाव्या आठवड्यातले दोन दिवस संहितेच्या चित्रणाला द्यावेत. प्रत्येक शॉटसाठी आभासी दृश्याची कोणती जतन केलेली प्रत वापरली, सेटवर कोणता बदल झाला आणि तो कोणी सांगितला, याची नोंद ठेवायला एक व्यक्ती नेमावी. दुसऱ्या दिवशी तोच कोन पुन्हा घ्यायचा असतो आणि 'कालचे आकाश' कोणालाच नेमके आठवत नाही, असे मी फार वेळा अनुभवले आहे. वॉलवरील बदलाच्या सूचना एकाच माणसामार्फत जाव्यात, हाही नियम पहिल्या मिनिटापासून पाळावा. दिग्दर्शक, छायालेखक आणि कलादिग्दर्शक या तिघांनी एकाच वेळी संगणकावर बसलेल्या माणसाला तीन वेगळ्या सूचना दिल्या, तर तो तिन्ही अर्धवट करतो.

तिसरा दिवस मी मुद्दाम बिघाडांसाठी राखतो. चमूला आधी न सांगता ट्रॅकिंग बंद करतो, एखाद्या रेंडर संगणकाचे काम थांबवतो किंवा वॉलचा एखादा पॅनेल काळा करतो आणि शॉट कसा वाचवता येईल ते ठरवायला दहा मिनिटे देतो. ट्रॅकिंग गेले तर कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून शॉट घेता येतो. काळा पॅनेल चौकटीबाहेर असेल, तर त्याच्या जागचा उजेड दिव्याने भरून काढता येतो. काही वेळा फ्रस्टमपुरती हिरवी पार्श्वभूमी दाखवून चित्रण करणे आणि बाकीचे पोस्टमध्ये भरणे हाच शहाणा निर्णय असतो. भोवतालचा प्रकाश आणि प्रतिबिंबे तरीही वॉलकडून मिळतातच. या पर्यायांचा विचार आधी केलेला नसेल, तर ऐनवेळी सारे युनिट एकमेकांची तोंडे पाहत उभे राहते.

मूल्यमापनाबद्दल आपण शेवटी ओझरते विचारले आहे. तयार झालेल्या लघुपटावरून गुण देऊ नयेत, कारण सुंदर पार्श्वभूमीने कच्ची तयारी झाकली जाते. मी प्रत्येक विभागाकडून एक पान लिहून घेतो: कोणता निर्णय कोणत्या तारखेला पक्का झाला, तो नंतर बदलला का, बदलला तर त्याने कोणाचे किती काम वाढले आणि तो आधी कळू शकला असता का. हे पान दोनदा लिहून घ्यावे, एकदा चाचणीच्या दिवसानंतर आणि एकदा शेवटी. दोन पानांतला फरक पाहिला की कोण शिकले ते कळते.

एकंदर वेळापत्रक असे होईल: पहिला आठवडा संहिता आणि 'वॉलवर का' हा प्रश्न, दुसरा आठवडा टीव्ही आणि ट्रॅकरवरचे सराव, शेवटी इंजिनची ओळख, तिसरा आठवडा इंजिनचे उरलेले दिवस, सांधरेषेचा सराव आणि वॉलवरचा चाचणीचा दिवस, चौथा आणि पाचवा आठवडा प्रीव्हिज, शॉट-यादीची दुरुस्ती आणि आभासी दृश्ये पक्की करणे, सहावा आठवडा चित्रण आणि बिघाडांचा दिवस. यात आपल्याला काही कापावेच लागले, तर इंजिनचे दिवस कमी करा, पण तिसऱ्या आठवड्यातला वॉलचा दिवस सोडू नका. तो मिळणे अगदीच अशक्य असेल, तर वॉलचे दोन-तीन सुटे पॅनेल एका दिवसासाठी मागून घ्या. त्वचेचा रंग, मॉयरे आणि सांधरेषा यांच्या चाचण्या त्यांवरही होतात, आणि पॅनचा वेग टीव्हीवर आधीच मोजलेला असेल.